कोरं मशीन

प्रिय घाईबाई,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुझं "हं, हं" सुरू झालं की त्यामागे तुझी पावलं ऐकू येतात. तू जिना उतरत असतेस, नाहीतर कुलूप लावत असतेस. तक्रार करत नाही. बाबांनी तुला हे नाव उगाच नव्हतं ठेवलं. प्रश्न अर्धा वाचून उत्तर पूर्ण लिहिणारी तू. पत्र निदान तुझ्या मागे जिना उतरणार नाही. टेबलावर पडून राहील आणि कधीतरी वाचशील.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, मी त्याच्याकडे लक्ष देत नाही, आमचं तसं ठरलंय. खालचा केमिस्ट परवा म्हणाला, काकू, हल्ली गोळ्या कमी नेता, दुकान बंद पाडणार का माझं? हसले. वर आले तेव्हा लक्षात आलं, त्या दिवसात मी त्याच्याशीच काय ते बोलले होते. असो.

तुला आठवत असेल, रविवारी दुपारी आम्ही तुला अभ्यासाच्या टेबलावरून उठवायचो. नवी आवृत्ती आली, पान तपासायचंय, एवढंच कारण. तू पाय आपटत जायचीस. बाबा दवाखान्यातले नोंदींचे कॉम्प्युटर सांभाळायचे ते पगारासाठी. घरी येऊन हे पान सांभाळायचे ते कशासाठी, हे तुला कधी पटलं नाही. जगभरातली माणसं मिळून एक डेटाबेस बनवतात, म्हणजे ढीगभर माहिती नीट रचून ठेवणारं आणि मागितली की काढून देणारं सॉफ्टवेअर. कोणीही फुकट घ्यावं, आत डोकावून बघावं, सुधारावं. ते आपल्या मशीनवर कसं बसवायचं हे सांगणारं पान तुझ्या बाबांकडे होतं. ते म्हणायचे, आत कितीही राजवाडा असो, पाहुणा उंबऱ्यावर अडखळून पडला तर तो राजवाडा काय कामाचा.

अडखळायला त्यांना मी लागायची. माझी शाळा लवकर सुटली. पुढचं शिक्षण वाचनालयाच्या पुस्तकांवर आणि औषधांच्या बाटल्यांसोबत येणाऱ्या कागदांवर झालं, तेही शब्दकोश मांडीवर घेऊन. बाबा मात्र आपल्याकडे घरचीच, हक्काची अडाणी आहे असं सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात कळवायचे. मी रुसले तर म्हणाले, अगं, अडाणी माणूस मिळत नाही या कामात, सगळीकडे शहाण्यांचाच भरणा. मग त्यांनी नियम घातला. मी मशीनपुढे बसायचं, पानावर लिहिलंय तेवढंच करायचं, मनाने काही नाही. ते मागे स्टुलावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, म्हणजे बोट दाखवायचा मोह नको. तोंडही बंद. मी चुकीचं बटण दाबायला गेले की स्टूल करकरायचं, बाबा खोकायचे, पण बोलायचे नाहीत. जिथे मी थांबले तिथे ते खूण करायचे आणि संध्याकाळी पानावरचं तेवढं वाक्य बदलायचे. मी अडले म्हणजे पान चुकलं, विषय संपला. संसारात माझं काय चुकलं ते सांगणारे मला पुष्कळ भेटले. मी अडले तर चूक समोरच्याची, असं मानणारा माणूस एकच भेटला.

ते गेल्यावर पानाला कोणी उरलं नाही. या सगळ्या पानांची देखरेख करणारा एक दाढीवाला आहे. प्रत्यक्ष कधी भेट नाही, टपाल तिकिटाएवढा फोटो तेवढा पाहिलाय. त्याने सांत्वनाचं लिहिलं, आणि शेवटी संकोचत विचारलं, पान दुसऱ्या कोणाला देऊ का? मी लिहून पाठवलं, मी करते. तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, कर, तुझा वेळ जाईल. पण अगं, वेळ माझ्याकडे तसाही जातच होता. पान राहायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. बाबांच्या मशीनवर ती काळी खिडकी असते ना, जिच्यात कमांड लिहितात, ती उघडली की सगळ्यांत आधी एक ओळ यायची. "आलीस? चहा झाला का?" माझी गंमत करायला त्यांनीच कधीतरी घालून ठेवलेली. त्या खिडकीत आपली अक्षरं मोडकी उमटतात, वेलांट्या भलतीकडेच जातात, पण वाचता यायचं. बाबांचं मशीन आहे तसं ठेव, मी येऊन बघेन, असं तू म्हणालीस तेव्हा मी लगेच हो म्हटलं, त्यात माझाही स्वार्थ होता. मी त्या ओळीला रोज उत्तर द्यायचे. मोठ्याने. वरच्या मजल्यावरच्या बाईंना वाटत होतं, माझ्याकडे कोणीतरी राहायला आलंय.

मागच्या महिन्यात एका ग्रंथपाल बाईंचं लिहिणं आलं. कुठल्याशा शाळेचं छोटं वाचनालय आहे त्यांचं. पान वाचून दोनदा सगळं केलं, पण चौथ्या पायरीला मशीन म्हणतं, अशी कमांडच नाही. वर बिचारीने माफी मागितली होती, माझंच काहीतरी चुकत असेल म्हणून. मी आपल्या मशीनवर करून पाहिलं. सरळ चाललं. मी त्यांना कळवून टाकलं, माझ्याकडे चालतं. आणि कपडे वाळत घालायला गेले. हातात ओली चादर होती आणि एकदम तुझे बाबा आठवले. या एका वाक्यावर ते जेवणावरून उठायचे. म्हणायचे, तुझ्याकडे चालतं म्हणजे काय? त्याला काय तुझ्याकडे राहायला बोलावणार आहेस?

माझं उत्तर वाचून दाढीवाल्यानेही तेच विचारलं, जरा मऊ शब्दांत. तुमचं मशीन कोरं आहे ना, आधीचं काही न बसवलेलं?

मग मी शोधत बसले. ती चहाची ओळ ज्या फाइलमध्ये होती, तिच्याच खाली आणखी एक ओळ निघाली. डेटाबेसची हत्यारं कुठल्या कप्प्यात ठेवलीत ते मशीनला सांगणारी. पूर्वी ही पायरी पानावर होती. नव्या आवृत्तीत हे आपोआप होईल असं कोणीतरी सुचवलं, मी करून पाहिलं, चाललं, मी होकार दिला, पायरी गेली. आपोआप काही होत नव्हतं, घाईबाई. तुझ्या बाबांनी ते या एका मशीनवर कधीच करून ठेवलं होतं. मी पान तपासत होते तेव्हा हे इकडे गुपचूप बोट दाखवत होते. आणि तिकडे येणारा जाणारा चौथ्या पायरीला अडत होता. ग्रंथपाल बाईंनी निदान लिहिलं. बाकीचे स्वतःला मठ्ठ समजून निघून गेले असतील.

ती एकच ओळ काढावी आणि चहाची राहू द्यावी, असं आधी करून पाहिलं. तर पुढची पायरी बाबांच्याच दुसऱ्या कुठल्या जुन्या खात्यावर तरून गेली. ते काढलं, तर खाली तिसरं. जिथे हात घालावा तिथे आधी त्यांचा हात. दाढीवाल्याने लिहिलं, राहू द्या, पान आता दुसऱ्या कोणाला देऊ, तुम्ही विश्रांती घ्या. चांगल्या मनाने लिहिलं होतं, तरी मला दिवसभर जेवण गेलं नाही. पान गेलं तर मशीन तेवढं उरणार, चहा विचारणारं, आणि मी उत्तर देणारी. आणि त्या पानाच्या तळाशी तपासणाऱ्यांसाठी बाबांनीच लिहिलंय, मशीन कोरं करून घ्या. थोडं कोरं असं मशीन नसतं.

शनिवारी मी ते पुसलं. फोटो, तुझ्या लग्नाचे सुद्धा, आणि त्यांचे कागद आधी वेगळे काढून ठेवलेत, काळजी नको. तू ठेवायला सांगितलं होतंस, मी ठेवलं नाही, म्हणून आधी तुला सांगते आहे. मशीनने विचारलं, सगळं जाईल, नक्की ना? मी उठून चहा केला, प्याले, कप विसळून ठेवला. मग येऊन म्हटलं, हो, झाला चहा. आणि बटण दाबलं.

नव्याने सगळं बसवलं आणि चौथ्या पायरीला अडले. खरंच अडले. सवयीने मान मागे वळली. स्टुलावर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा होता.

जुनी पायरी पानावर परत घातली. बाबांचं वाक्य फार लांब होतं, मी त्याची दोन केली. ग्रंथपाल बाईंचं उत्तर आलं, चाललं, पहिलं पुस्तक नोंदवलं. पान माझ्याकडेच आहे. काळी खिडकी उघडते, पण आता तिच्यात नुसती रेघ लुकलुकते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. मी आता अडाणी राहिले नाही गं. डोळ्यांच्या आधी बोटं पुढे जातात. पानावर काही गाळलं असेल तरी ती आपली भरून टाकतात आणि मला पत्ताही लागत नाही. पुढची आवृत्ती येण्याआधी या पानाला नवा अडाणी हवा, आणि तुझ्यासारखा घाईचा असेल तर फारच उत्तम. पान छापून सोबत ठेवलंय. तुझा तो कोपऱ्यात टाकलेला लॅपटॉप कोरा करून घे. एखाद्या रविवारी दुपारी फोन लाव, टेबलावर ठेव, आणि लिहिलंय तेवढंच कर. तास-दीड तास लागेल. मी एक अक्षर बोलणार नाही. बराच वेळ काही ऐकू आलं नाही तर फोन तुटला असं समजून ठेवू नकोस, मी असेन. सुरू करण्याआधी तेवढं चहाचं मात्र विचार.

तुझीच,
हात मांड्यांखाली घेऊन बसलेली,
आई