अंबाड्याचे आकडे

आई, आज केस आखूड करायला पार्लरमध्ये गेले होते. तिथल्या पोरीनं अंबाड्यातले आकडे काढले आणि कानामागची जागा मला आरशात दाखवली. तिथं आता केस उरलेले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी बजावलंच होतं, असे ओढून बांधत राहिलात तर आहेत तेही जातील. तरी घरी विचारलेलं बरं म्हणून मी तशीच उठून आले.

अकोल्याचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. तू मला गुडघ्यांत घट्ट धरून बसलीयस, दातांत आकडे. घरातला बुचडा तू बोलता बोलता गुंडाळायचीस, पण लग्नकार्याचा अंबाडा म्हणजे आधी करकचून वेणी, मग वेटोळं, वरून जाळी. आकडा उलटा घालून केस पकडायचे आणि फिरवून आत खुपसायचा. टाळूला टोचला की बसला, असा तुझा हिशेब. माझ्या लग्नाच्या सकाळी डोळ्यांत पाणी आलं तरी मी हूं की चूं केलं नाही. तू मात्र आकड्यांच्या फटीतूनच दटावलंस, "सासरी केस सुटे दिसू देऊ नको. लोकं मायले नाव ठेवतात."

अमरावतीला आले. सासूबाई म्हणाल्या, अंबाडा छान दिसतो. झालं. शाळेत शिकवायला जाताना अंबाडा, बाजारात अंबाडा, तापानं फणफणले तरी अंबाडा. डोकं ठणकायचं आणि मी मनातल्या मनात सासूबाईंवर चरफडायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

आज धीर करून त्यांना सांगितलं की आता केस कापावे लागतील, अंबाडा जमणार नाही. त्या तुरीची डाळ निवडत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "तुले रोज घालाले कोनी सांगतलं बाई? मी तं त्या दिवशी चांगला दिसते म्हनलं होतं."

एवढंच. दाराला कडी नव्हतीच, आणि मी आयुष्यभर आत बसून राहिले. मला तुझा फार राग आला, आई. पण तू जाऊन इतकी वर्षं झाली, भांडायचं कुणाशी?

हा कागद कुठं पाठवणार, साड्यांखाली ठेवून देईन. एक मात्र सांगते. लिहायला बसण्याआधी मी आरशासमोर गेले, दातांत आकडे धरले आणि अंबाडा घातला. मोकळ्या केसांनी तुझ्याशी बोलायची हिंमत झाली नाही.