पंक्चर कार्यक्रमात धरलेलं आहे

तीर्थरूप आत्या,

समुद्र बघायला जाताना माणसं एवढी बडबडत असतात, मग बघून परत येताना ती गप्प का असतात? मागच्या फोनवर तू विचारलेल्या या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उत्तराच्या आशेने तू चष्मा लावून शेवटपर्यंत ताटकळत राहणार नाहीस. आता नमस्कार. डोकं तुझ्या पायांवर ठेवलं असतं, पण मध्ये एवढा रस्ता आहे म्हणून टेबलावर ठेवलं. (खोलीतल्या मैत्रिणीला वाटलं मला चक्कर आली, ती पाणी घेऊन धावली.) तुझा गुडघा काय म्हणतो? आईचा खोकला? बाबांचा हवेचा पंप? तिघांत सगळ्यात जास्त कोण कुरकुरतं ते कळव. मी खुशाल आहे, वेळेवर जेवते, मन लावून अभ्यास करते. बाबांनी पत्र मोठ्याने वाचायला सांगितलं तर इथपर्यंतच वाच. पुढचं फक्त तुझ्यासाठी आहे.

हे फोनवर बोलता आलं नसतं. बाबा फोन स्पीकरवर टाकून ट्यूब घासत बसतात आणि पंक्चरच्या दुकानात खोळंबलेलं प्रत्येक गिऱ्हाईक माझ्या शिक्षणात भाग घेतं. मागच्या वेळी मी "आत्या, मला घरची फार..." इथपर्यंत आले होते, तेवढ्यात कोणी ट्रकवाले काका मागून म्हणाले, "पोरी, आधी गणित पक्कं कर." आमच्या अभ्यासक्रमात गणित नाही. तरी मी "हो काका" म्हटलं आणि उरलेलं वाक्य गिळलं. बाबांना सांगण्यात अर्थ नाही. त्यांचं ठरलेलं आहे, शिक्षण पुरं होईपर्यंत घरी यायचं नाव काढायचं नाही. "आमच्या घरातली कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच, ती उगाच मध्येच कशाला उतरेल?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात आणि पंपाच्या वर लावलेला माझा बारावीचा फोटो दाखवतात. त्या फोटोवर गालाच्या जागी ग्रीसचं बोट उमटलंय, आठवतं ना? मला त्या फोटोतल्या मुलीचा हेवा वाटतो. ती काही शिकत नाही, पण दिवसभर घरी असते.

तुला वाटत असेल की प्रवास आणि पर्यटन शिकणारी मुलगी जग पालथं घालत असेल. अगं, आमच्याइतका कमी प्रवास तर आपल्या दारातलं झाडही करत नसेल. खोलीतून कॉलेज, कॉलेजातून ट्रॅव्हल ऑफिस आणि तिथून परत खोली. खोलीला खिडकी आहे, तिच्यातून समोरच्या इमारतीची पाठ दिसते. (आमच्या पुस्तकात अशा खोलीला "शांत बाजूची खोली" म्हणायला शिकवतात.) मी बर्फाच्या डोंगरांवर निबंध लिहिला, वाळवंटावर लिहिला, आणि ज्या समुद्राच्या रस्त्यावर आपलं दुकान आहे त्या समुद्रावर तर तीनदा लिहिला. पाहिलं यातलं काहीच नाही. परवा स्टेशनरीच्या दुकानात डिंकाची बाटली उघडून बघत होते, तर त्याला थेट बाबांच्या पंक्चरच्या सोल्यूशनचा वास! मी तिथेच नाक खुपसून उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "ताई, घ्यायचा आहे की नुसता हुंगायचाय?" घेतला. उशाशी ठेवलाय. चिकटवायचं काही नाही.

अभ्यासातही माझी फजितीच चालू आहे. आमच्या सरांनी वर्गात हॉटेलचं नाटक बसवलं. एकाने मॅनेजर व्हायचं आणि मी भडकलेलं गिऱ्हाईक. खोलीत पाणी नाही, चादर मळकी, पंखा बंद, अशी तक्रार करायची आणि समोरच्याने ती शांतपणे सोडवायची. आता मला सांग, स्वतःची वेगळी खोली म्हणजे काय हे आपल्या घरात कोणाला ठाऊक आहे का? मी आत गेले, त्या बिचाऱ्या मुलाच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि तोंडातून निघालं, "असू द्या हो, रात्रीचाच तर प्रश्न आहे. तुम्ही जेवलात का?" सगळा वर्ग हसला. सर म्हणाले की गिऱ्हाईक म्हणून मी नापास आहे. तो मुलगा मात्र खरंच जेवला नव्हता.

एका गोष्टीत मात्र मी वर्गात पहिली आले, ती म्हणजे उलटं चालणं. हसू नकोस, हा रीतसर विषय आहे. गाईडने लोकांकडे तोंड करून बोलत बोलत मागे मागे चालायचं असतं. बाकीची मुलं खांबाला धडकली, एक तर फरशी पुसायच्या बादलीत बसली. मी मात्र सरळ रेषेत, न अडखळता, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले. सरांनी विचारलं, "कुठे शिकलीस?" काय सांगणार? घरून निघाले त्या सकाळी दुकानासमोरच्या बाकड्यापासून बसपर्यंत मी अशीच तर गेले होते. तू कपबशी हातात घेऊन उभी होतीस आणि पाठ फिरवायला जमेना.

असो. (हा शब्द कागदावर फार उपयोगी पडतो. डोळे पुसायला वेळ मिळतो.)

मुख्य भानगड ऑफिसात झाली. तिथे मी शिकाऊ म्हणून जाते. आमच्या मॅनेजरबाई मनाने चांगल्या, पण कॉम्प्युटरवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. प्रत्येक सहलीच्या जागांचा तक्ता त्या मोठ्या कागदावर हाताने करतात. ज्याचं नक्की नाही त्याचं नाव पेन्सिलीने, ज्याचं पक्कं त्याचं पेनाने. शिकाऊ मुलीचं नाव नेहमी पेन्सिलीनेच, कारण "शिकाऊ काय, आज आहे, उद्या नाही." मी सहलीसोबत जायचं, ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर बसायचं आणि प्रत्येक थांब्यानंतर माणसं मोजायची, एवढंच माझं काम. आजवर मला जवळच्या बागांपलीकडे कुठे नेलेलं नाही.

तर समुद्राच्या सहलीचा वाटेतला थांबा गेला. नेहमीचं हॉटेल बंद पडलं. मॅनेजरबाई म्हणाल्या, "सरावासाठी एखाद्या थांब्याचं वर्णन लिहून आण. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथे उतरलंच पाहिजे." मी आपली भाबडी. उतरलंच पाहिजे असं वाटणारी जगात एकच जागा मला माहीत, ती लिहिली. तुला उतरवून पाठवते:

"येथे गाडीचे चाक पंक्चर होते. प्रवासी खाली उतरतात. झाडाखाली बाकडे आहे. थोड्या वेळाने चहा येतो. चहा आणणाऱ्या बाई तुम्ही कुठून आलात, कुठे निघालात हे विचारतात आणि तुमचे उत्तर संपेपर्यंत उभ्या राहतात. ट्यूब पाण्यात बुडवल्यावर निघणारे बुडबुडे लहानथोर सर्वांना बघता येतात. घाई करून उपयोग होत नाही."

आता आपल्याकडे पंक्चरशिवाय कोणी थांबल्याचं मला आठवत नाही, म्हणून प्रामाणिकपणे तेच आधी लिहिलं. मॅनेजरबाईंनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला, परत वाचला आणि तो घेऊन आत गेल्या. मला वाटलं, नापास. आठवड्याने छापील माहितीपत्रकांचा गठ्ठा आला, त्यात शब्दन् शब्द तसाच!

मग जे फोन सुरू झाले ते विचारू नकोस. एका काकूंनी विचारलं, "पंक्चर साधारण किती वेळ चालतं? मला मध्ये गोळी घ्यायची असते." एका गृहस्थांना पंक्चर जाताना आहे की येताना तेवढंच हवं होतं, कारण जाताना त्यांना झोप लागते. एक निवृत्त मास्तर स्वतः ऑफिसात आले आणि म्हणाले, "समुद्र मी पाहिलेला आहे. मला त्या बाकड्याचं तिकीट द्या." गाडी भरली. समुद्राच्या सहलीला एवढी गर्दी कधीच झाली नव्हती.

अडले ते ड्रायव्हरमामा. त्यांच्या गाडीने आजवर रस्त्यात मान टाकलेली नाही, आणि ही गोष्ट ते पोराबाळांच्या कौतुकासारखी सांगतात. पत्रक वाचून ते लाल झाले. "बाई, आमचं नाक छापून कापलंत! मी चांगल्या चाकात मुद्दाम खिळा मारू?" मी म्हटलं, "मामा, नुसती गाडी थांबवा." "पंक्चर नाही तर कशाला थांबवू?" "हवा बघायला." मामांनी बराच विचार केला. शेवटी म्हणाले, "हवा बघायला हरकत नाही. हवा बघण्यात इज्जत जात नाही."

मामा गेल्यावर मॅनेजरबाईंनी मला समोर बसवलं. "ही जागा आहे कुठे?" मी सांगितलं, "माझ्या घरासमोर." त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं वेडे, मग सरळ सुट्टी मागायची होतीस! एवढं पंक्चर कशाला केलंस?" सुट्टी मिळाली असती, पण बाबांनी दारातूनच परत पाठवलं असतं. कामावर आलेल्या मुलीला मात्र ते परत पाठवू शकत नाहीत. उलट गिऱ्हाइकांना सांगतील, बघा, आमची मुलगी अख्खी गाडी घेऊन आली!

तेव्हा येत्या रविवारी सकाळी आमची गाडी बाकड्यासमोर थांबेल. सगळ्यात आधी मी उतरेन. (सरळ चालत. घराकडे येताना उलटं चालायची गरज नाही.) मग गाडी समुद्राकडे जाईल, तिथे मुक्काम करेल आणि सोमवारी दुपारी परतताना पुन्हा तिथेच थांबेल. आईला सांग, काही खास करू नको, फक्त घरी राहा. मोठ्यांना नमस्कार. पंपालाही.

तुझी,
शाळेत जाताना तुझं बोट न सोडणारी

ता. क. चहाचं मोठं पातेलं माळ्यावरून काढून ठेव. बाबांना समजाव की ड्रायव्हरमामांच्या चाकात हवा बरोबर असणार, तरी लगेच "बरोबर आहे" म्हणून मोकळं व्हायचं नाही. चाकाभोवती फिरायचं, मान हलवायची, कपाळाला आठ्या घालायच्या. आणि लोकांना बुडबुडे दाखवायला एखादी जुनी ट्यूब भोक पाडून तयार ठेवायची. (हा माझ्या शिक्षणाचा भाग आहे म्हणावं. मग करतील.)

ता. क. २. पातेलं काढ म्हटलं, पण चहा तू करायचा नाहीस. चहा मी करेन. कुठून आलात, कुठे निघालात हेही मीच विचारेन. तू त्या वेळी कपाटातलं निळं लुगडं नेसून, मागे पट्टा असलेल्या चपला घालून बाकड्यावर बस. गुडघ्याचं तेल आणि रात्रीपुरते कपडे पिशवीत घे. का ते पुढे लिहिते. श्वास घे आणि वाच.

ता. क. ३. आत्या, इतकी वर्षं तू त्या बाकड्यावर बसलेल्या प्रत्येकाला विचारलंस, समुद्र कसा असतो? एकाने सांगितलं "मोठा". एकाने सांगितलं "गर्दी होती". एका बाईंनी तर गाडी लावायला जागा नव्हती एवढंच सांगितलं. परत येणारे काहीच सांगत नाहीत, बूट काढून झटकतात आणि गप्प बसतात. बाकड्याखाली ती वाळू साचली आहे. तू सगळं अंगण झाडतेस आणि तेवढा कोपरा सोडतेस, हे मी लहानपणापासून बघते आहे. मी इथे रोज घराचं स्वप्न बघते आणि तू त्याच घरातून रोज रस्त्याकडे बघतेस. मला तिथे उतरायचं आहे आणि तुला तिथून चढायचं आहे. मी मॅनेजरबाईंना म्हटलं, माझी जागा आत्याला द्या, एक रात्र मी घरी राहते, परतताना मला उचला. त्या म्हणाल्या, "आणि माणसं कोण मोजणार?" मी म्हटलं, आत्या आयुष्यभर कप मोजत आली आहे, एकही कमी भरला नाही. शिवाय एक उतरली आणि एक चढली, हिशोब तोच राहतो. त्या स्वतः सहलीसोबत आहेत. रात्री तू त्यांच्याच खोलीत झोपशील, आणि मी मुद्दाम विचारून घेतलं, त्या खोलीची खिडकी शांत बाजूला नाही, लाटांच्या बाजूला आहे. सोमवारी तू परत येशील तेव्हा मी बाकड्यापाशी चहा घेऊन उभी असेन. चपला बाकड्याखाली झटक. बोलावंसं वाटलं तर बोल. गप्प असलीस तर मी काही विचारणार नाही, समजेन की उत्तर मिळालं.

ता. क. ४. आता "नको गं, घर कोण बघेल, माझं काय वय आहे का" असं उलट टपालाने लिहू नकोस, उपयोग नाही. गेल्या आठवड्यातच, शुक्रवारी संध्याकाळी, मॅनेजरबाईंच्या समोर तक्त्यावरचं माझं नाव मी खोडरबराने पुसलं आणि त्या जागी तुझं लिहिलं. पेनाने.