गुरुवारी वाचायचा कागद

प्रिय विनी,

काल फोनवर तू विचारलंस, गुरुवारच्या पत्रकार परिषदेत गव्हर्नरबाईंच्या शेजारी उभं राहताना निळा स्वेटर चालेल का. मी म्हटलं, चालेल की, कॅमेऱ्यात उठून दिसेल. फोन ठेवला आणि मला माझीच शिसारी आली. फोनवर मी गोड बोलतो, पोटापाण्याचा धंदाच आहे तो. निदान कागदावर तरी बहिणीशी खरं बोलावं.

एक जुलै, नव्या आर्थिक वर्षाचा पहिला दिवस, उजाडला आणि राज्याचं बजेट झालेलं नव्हतं. गव्हर्नर आमच्या, विधिमंडळाची दोन्ही सभागृहं विरोधी पक्षाची, आणि मागे हटायला कुणी तयार नाही. तुला वाटत असेल, इथे लोक आकडे घेऊन रात्रंदिवस भांडत असतील. छे. आकड्यांचं बोलणं एका खोलीत दहा-बारा माणसं करतात, तेही मनात आलं तर. बाकी आम्ही सगळे एकाच कामाला जुंपलेले: हाल झाले की लोकांनी बोट कुणाकडे दाखवायचं. आठवड्यातून दोनदा अनोळखी माणसांना फोन जातात आणि आमची वाक्यं त्यांना ऐकवून बघतात. 'रस्ते' म्हटलं की माणसं जांभई देतात. 'शाळा' म्हटलं की थोडी चिडतात. 'एकटी पडलेली म्हातारी माणसं' म्हटलं की सगळ्यांत जास्त खवळतात. हा निकाल आला त्या दिवशी ऑफिसात डोनट वाटले, विनी. मी दोन खाल्ले.

विरोधी पक्षाकडेही माझ्यासारखाच वाक्यं रचणारा एक नग आहे, मॅकार्डल. विधानभवनाच्या तळघरातल्या कॅन्टीनमध्ये आम्ही एकाच टेबलावर जेवतो. "काल तुझ्या वाक्यानं आमची पार वाट लावली रे," तो सूप भुरकत म्हणतो, "उद्या बघ मी काय काढतो ते." आणि आम्ही हसतो. एकाच माळेचे मणी.

आता सप्टेंबरचं सांगतो. ते सांगायला मला सात आठवडे लागले. विधिमंडळानं बजेट रोखून धरलं होतं, पण एक तात्पुरतं विधेयक पाठवलं. त्यात एका ओळीत वृद्धांच्या दिवसा चालणाऱ्या केंद्रांचे पैसे होते, म्हणजे तुझ्या केंद्राचेही. आमच्याकडे गव्हर्नरला नको ती ओळ खोडून बाकीच्या विधेयकावर सही करता येते. बाई काहीच खोडणार नव्हत्या. पेन हातात घेतलं होतं त्यांनी. तेवढ्यात ड्रिस्कॉलनं, त्यांच्या मुख्य सल्लागारानं, मला विचारलं, "ग्लेन, तुझं काय मत?" मी म्हटलं, "सगळ्यांत जास्त ओरडणारी माणसंच पैसे मिळून गप्प झाली तर आपल्या बाजूनं ओरडणार कोण?" तेच एका पानावर लिहून दिलं, खाली सही ठोकली. बाईंनी पान दोनदा वाचलं आणि ती एक ओळ खोडली. 'तुकड्यांवर राज्य चालत नाही' हे टीव्हीवर दिवसभर वाजलेलं वाक्यही माझंच.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. रडत होतीस. "या विधिमंडळवाल्यांना आईबाप नाहीत का रे?" असं विचारलंस. मी म्हटलं, "फार निर्दय लोक आहेत गं." केंद्राच्या दारावर काय लिहू, तेही मलाच विचारलंस. 'विधिमंडळाच्या हट्टामुळे बंद' हे शब्द मी तुला एकेक करून सांगितले आणि तू लिहून घेतलेस. खोटं तुझ्या अक्षरात दारावर लागलं, आणि तुमचा जिल्हा तुझ्यावर जितका विश्वास ठेवतो तितका आमच्यापैकी कुणावरच ठेवत नाही.

तुझ्या केंद्रात रोज येणाऱ्या बाल्चुनासबाईंना ते वाचून समजण्याचे दिवस राहिले नव्हते. मुलगा गोदामात पाळीवर गेला आणि त्या डबा घेऊन, कोट न घालताच, केंद्राच्या पायऱ्यांवर दार उघडायची वाट बघत अडीच तास उभ्या राहिल्या. मग पडल्या. खुबा मोडला. तू कळवायच्या आधी पेपरातला फोटो आमच्याकडे पोचला होता. ड्रिस्कॉलनं माझ्या पाठीवर थाप मारली, "चेहरा मिळाला, ग्लेन." आमच्यात असंच म्हणतात, चेहरा. मग म्हणाला, "गुरुवारी चाकाच्या खुर्चीत बसवून आणता येईल?" डॉक्टर सोडत नाहीत म्हटल्यावर केंद्र चालवणारी बाई चालेल, असं ठरलं. ती माझी बहीण आहे हे कळल्यावर तर ते हरखूनच गेले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात ना, ते आम्ही. आणि पहिलं बोट मी लावलं.

गुरुवारी तू जे वाचायचंस ते भाषण सोबत आहे. मीच लिहिलंय, चांगलं उतरलंय, लोक रडतील. त्याच्या मागे दुसरं एक पान टाचलंय, माझं सप्टेंबरचं, सहीसकट. ते विधेयक उद्या पुन्हा पाठवायला विधिमंडळवाले तयार आहेत. अडवून आम्ही बसलोय. मीच बाहेर येऊन हे सांगितलं तर दुपारपर्यंत मला फुटीर, विकला गेलेला ठरवतील. ते वाक्य कसं असेल हेही मला ठाऊक आहे. तुझ्याविरुद्ध मात्र कुणालाच वाक्य सुचणार नाही, मी डोकं खाजवून पाहिलं. माईक चालू असेल, सगळी चॅनेल असतील, बाई तुझ्यापासून हातभर अंतरावर असतील. मी अजून राजीनामा दिलेला नाही, कारण दिला तर मला आत सोडणार नाहीत, आणि तू कुठलं पान वाचतेस ते मला तुझ्यासमोर उभं राहून ऐकायचंय.

तुझाच, निदान अजूनपर्यंत,
ग्लेन