कळमेश्वरची पंगत

मोहननगर, नागपूर
११ फेब्रुवारी १९७४

चि. मार्तंड यास,
प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

कालच्या तुझ्या उपदेशामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले. मी तिसऱ्या बाकावर होते. सगळे स्वतः ऐकले आहे, कोणी माझे कान भरलेले नाहीत.

आधी चांगले सांगते. असे बोलणारा आपल्या घराण्यात झाला नाही. एरवी उपदेश सुरू झाला की डोळे मिटणारे नत्थूकाकासुद्धा काल ताठ बसले होते. तुझ्या वडिलांनी तुला पाळक व्हायला शिकवले ते वाया गेले नाही.

आता दुसरे. कौशल्याचे वडील वारले. तिचा भाऊ भैयाजी तेरवीचे सांगायला कळमेश्वरहून आला. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, रुपरावचा, बाप्तिस्मा होऊन वर्षही झालेले नाही; जावे की नाही हे तिला कळेना, म्हणून तिने तुला एकटीने येऊन विचारले. तू उत्तर दिलेस ते व्यासपीठावरून. जो मूर्तिपूजकांच्या पंगतीला बसेल त्याला प्रभूच्या मेजावर जागा नाही, म्हणालास. नाव घेतले नाहीस, पण सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

मला बसपर्यंत पोचवायला ती आली. रडली नाही. एवढेच विचारले, आत्याबाई, बापाच्या तेरवीले गेली तं देव मले टाकून देईन का जी? अन् नाही गेली तं मायनं कोणाच्या तोंडाकडे पाहावं? तेरवी एकोणीस तारखेला आहे. तिला मी धीर धर म्हटले आहे.

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला दहावा अध्याय तू वाचलास आणि एकविसाव्या ओवीवर थांबलास. थोडा पुढे जा. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले आणि तुम्हाला जावेसे वाटले, तर वाढतील ते चौकशी न करता खा, असे तोच पौल सत्ताविसाव्या ओवीत सांगतो. वाचून काय वाटते ते कळव.

माया आहे तशीच आहे, तूही ठेव.
तुझी आत्या,
शामला


कन्हान
१३ फेब्रुवारी १९७४

ती. शामलाआत्या यांस,
मार्तंडचा आदरपूर्वक सलाम.

पत्र पोचले. तुम्ही शाळेत मुलींच्या वह्या तपासायचात, तसा माझा उपदेश तपासलात. लाल शाई तेवढी राहिली.

सत्ताविसावी ओवी मला ठाऊक आहे. तुम्ही मात्र अठ्ठाविसाव्या ओवीच्या आधी थांबलात! हे नैवेद्याचे आहे असे कोणी सांगितले तर खाऊ नये, असे तिथे स्पष्ट आहे. तेरवीत नैवेद्य लपून होतो काय? आज एकीला मोकळीक दिली तर उद्या मंडळीला धरून कसे ठेवायचे? चंपतराव आपल्या मंडळीतले सर्वांत जुने वडीलधारे. तेही म्हणतात की बरं केलं, दोरी ढिली सोडू नका.

आणि आत्या, तुमच्या वडिलांनी, नानाजींनी, सर्व काही सोडून प्रभूला धरले. त्यांच्या नातवाने एका पंगतीसाठी मागे वळावे?

आपला आशीर्वाद माझ्यावर राहो.
मार्तंड


मोहननगर, नागपूर
१४ फेब्रुवारी १९७४

चि. मार्तंड यास,
अनेक आशीर्वाद.

अठ्ठाविसावी ओवी बरोबर काढलीस. मान्य. नैवेद्याचे असेल ते खाऊ नको, असे तिला सांग. पण जाऊच नको, असे त्या अध्यायात कुठे आहे ते दाखव. आणि नैवेद्य कशाचा, कुठल्या भांड्यातला, हे तू त्या घरी कोणाला विचारलेस? भैयाजी तुझ्या अंगणात उभा होता. त्याला तू बस म्हटले नाहीस, असे रुपराव सांगतो.

तू नानाजींचे नाव काढलेस म्हणून सांगते. बाप्तिस्मा घेतल्यावर भावांनी त्यांना पंगतीतून उठवले. पुढे त्यांचे वडील वारले. तेरवीचे बोलावणे आले नाही, तरी ते गेले, मला बोटाला धरून. ओसरीवर पंगत बसली आणि आम्हा दोघांना खाली गोठ्याशेजारी पाने मांडली. वाढणाऱ्याने वरण वरूनच ओतले. नैवेद्याचा वडा पानात पडला तो नानाजींनी नम्रपणे बाजूला ठेवला, बाकीचे सगळे खाल्ले आणि ते आपल्या आईजवळ जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत बसले. त्यांनी घर सोडले नव्हते रे. घराने त्यांना सोडले होते.

कौशल्याच्या माणसांनी तिला गोठ्याशेजारी बोलावलेले नाही, पंगतीत बोलावले आहे. आपल्याला हे कधी मिळाले नाही. आणि आता तिला उठवायला आपण निघालो.

मी मंडळीत बोलले नाही, बोलणारही नाही. तू बोललास ते मात्र मंडळीत बोललास, तेव्हा ते तिथेच नीट व्हायला हवे. शनिवारी रुपरावला घेऊन कळमेश्वरला जा आणि नैवेद्याचे कौशल्याच्या माउलीलाच विचार. येताना माझ्याकडे जेवायला थांब, वडाभात करते. रागात असलास तरी ये.

लोभ कमी होऊ देऊ नको.
शामलाआत्या


कन्हान
४ मार्च १९७४

ती. शामलाआत्या यांस,
सलाम.

वडाभात खाताना तुम्ही काही विचारले नाहीत, त्याबद्दल आभार. आता सगळे लिहितो.

त्या शनिवारी कौशल्याच्या आईने, पार्वतीबाईंनी, मला ओसरीवर बसवून चहा दिला. नैवेद्याचे मी चाचरतच विचारले. त्या म्हणाल्या, ते पान पहिलेच वेगळ्या भांड्यातून, गंजातून, निघते, तुमच्या पानात त्यातला कणही येणार नाही. मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, पोरीनं देव बदलला जी, भूक तं नाही बदलली.

दुसऱ्या दिवशी मंडळीत एकविसाव्या ओवीपासून अध्याय संपेपर्यंत वाचले. मागच्या रविवारी मी अर्धेच वाचले होते आणि त्या अर्ध्याने आपल्या एका बहिणीला दुखवले, असे सांगून खाली बसलो. नत्थूकाका दारात म्हणाले, आज बेस बोलला गा, लवकर सोडलं.

चंपतराव मात्र मधेच उठून गेले. कालच्या प्रभुभोजनालाही आले नाहीत. कौशल्यानंतर त्या प्याल्याला तोंड लावणार नाही, असा निरोप त्यांनी धाडला. उद्या त्यांच्या घरी जाणार आहे, एकटाच. जेवायला वाढले तर जेवेन.

तेरवीला मी कौशल्या आणि रुपरावबरोबर गेलो. ती आईच्या शेजारी जेवली. भैयाजीने मला आग्रह करकरून इतके वाढले की शेवटी मीच पंगतीतून उठू का, असे विचारावे लागले.

तुमचा हात पाठीवर असू द्यावा, आणि लाल शाईही.
मार्तंड

ता. क. तुम्हाला सगळे नेमके लागते म्हणून. कळमेश्वरला तेरवीच्या आहेरात दिले: भैयाजीला दुपट्टा, रुपरावच्या हातून. पार्वतीबाईंना लुगडे, कौशल्याच्या हातून. काल कन्हानला दिले: कौशल्याला भाकर आणि प्याला, माझ्या हातून.