नाव घ्या

२ जानेवारी १९६२

सिंधूचा पगार आजही चिंतामणरावांनीच उचलला. दोघंही आमच्याच कॉलेजात – ते गणित शिकवतात, ती संस्कृत. सही ती करते, पैसे ते घेतात. मी कारकून नत्थुजींना जाब विचारला तर म्हणाले, "नवऱ्याले नाई देऊ, त मंग कोनाले देऊ, मैनाबाई?" वरून मलाच शिकवलं, की कोणाच्या घरच्या गोष्टीत पडू नये.

घरची गोष्ट! आमच्या दोघींच्या क्वार्टर्समध्ये एकच भिंत. पलीकडे भांडं पडलं तरी मला ऐकू येतं. बाई पडली तर येणार नाही?

८ जानेवारी

सिंधूच्या कपाळावर टेंगूळ. म्हणे न्हाणीत पाय घसरला. मग हळूच बोलली – अकोल्याला मावशीकडे जायचं म्हणून गाडीभाडं मागितलं होतं. स्वतःच्याच पगारातलं! दिवसभर माझं डोकं तापलेलं. वर्गात मुलींवर उगीच ओरडले.

१२ जानेवारी

शेवटी तिला ओढून प्राचार्यांकडे नेलं. बापूसाहेबांनी चहा मागवला आणि शांतपणे विचारलं, कोणी मारलं? सिंधू म्हणाली, "घरून." घरून म्हणजे कोणी? ती पदराशी चाळा करत बसली. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं! वर्गात पानंच्या पानं तोंडपाठ म्हणणारी बाई, आणि ही चार अक्षरं काही बाहेर पडेनात. मी सांगायला गेले तर बापूसाहेबांनी हात वर केला. ज्याचं त्यानं सांगावं म्हणे. आणि आता अष्टग्रही डोक्यावर आहे, ती टळू द्या, मग बघू.

एका राशीत येणाऱ्या आठ ग्रहांची भीती सगळ्या अमरावतीला. चिंतामणरावांची कोणालाच नाही!

बाहेर आल्यावर मी सिंधूवरच भडकले. मग वाईट वाटलं. माझ्या आईनं तरी कधी मोतीराम म्हटलंय? "मैनीचा बाप" म्हणण्यातच तिचा जन्म गेला. मोर्शीत रेशनच्या साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा तिनं मलाच पुढे ढकललं होतं.

१३ जानेवारी

सिंधू कॉलेजात आली नाही. पलीकडे सामसूम. हे जास्त वाईट.

२१ जानेवारी

बापूसाहेबांच्या बंगल्यावर गोदावरीबाईंचं हळदीकुंकू. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून मी कुंकू लावत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी दर साली प्राचार्यांची ही बायको तिळगूळ खायला ये म्हणून मला आठवणीनं निरोप धाडते.

उखाणे सुरू झाले. सिंधूची पाळी आली तसा "नाव घ्या, नाव घ्या" असा एकच गलका. इथे मात्र नाव घ्यायचंच असतं! ती उभी राहिली, आणि वर्गात श्लोक सांगते त्याच आवाजात म्हणाली –

"साखरेच्या पाकामध्ये हलव्याला आला काटा,
पगार घेतात चिंतामणराव, मार माझा वाटा."

कोणी हसलं नाही. एकीनं घाईघाईनं तिळगूळ वाटायला घेतला. गोदावरीबाई कुंकवाचा करंडा हातात धरून तशाच उभ्या. मला आनंद झाला होता, आणि भीतीही वाटत होती.

२ फेब्रुवारी

बापूसाहेबांनी मला बोलावून झापलं. माझ्या नादानं सिंधूनं त्यांच्या घरी तमाशा केला म्हणे. सिंधूला रजेवर पाठवलंय – तिनं मागितलीच नव्हती! पगार पुन्हा चिंतामणरावांच्याच खिशात. मी म्हटलं, आता तर नाव घेतलं ना तिनं? तर म्हणाले, "उखाण्याला पुरावा म्हणत नाहीत."

संताप, संताप, संताप! आणि करता काही येत नाही.

सिंधू परवापासून माझ्याकडे आहे. अकोल्याचं भाडं मी देते म्हटलं, तर नको म्हणाली. "तुझं कशाला? माझं आहे ते मला पाहिजे."

५ फेब्रुवारी

अष्टग्रही टळली. जग जागच्या जागी.

दुपारी दार वाजलं. चिंतामणराव असतील म्हणून सिंधू आत पळाली. पण दारात गोदावरीबाई होत्या. बंगल्यावरून एकट्या आलेल्या. आत येऊन बसल्या, सिंधूला हाक मारली आणि चोळीची बाही वर सारली. दंडावर हिरवेनिळे वळ.

"आता मी नाव घेते," म्हणाल्या. "बापूसाहेबांचं."