घरातलं एकमेव मत

आई, परवा मी इथे मत दिलं. राष्ट्रपतीच्या निवडणुकीचं, इथलं माझं पहिलंच. तू गेलीस तेव्हा सिंगापूर हा शब्द आमच्या बोलण्यातही नव्हता, त्यामुळे तुला सगळं मुळापासून सांगायला हवं. मी चिडलेली आहे, तेव्हा ते नीट ओळीत सांगितलं जाईल याची खात्री नाही. तू म्हणायचीस, चिडलं की ही भांडी घासायला घेते. सगळी घासून झाली आहेत. सिंक लखलखतंय आणि राग तसाच आहे.

तुझा जावई तुआसला कारखान्यात मॅनेजर आहे. मी एका कंपनीत हिशेब बघते. आधी वुडलँड्सला भाड्याने राहायचो, आता बिशानला स्वतःचा फ्लॅट आहे, चौदाव्या मजल्यावर, आणि स्वयंपाकघरातून शाळेचं मैदान दिसतं. हा फ्लॅट घेताना घरात एक तरी नागरिक असला की सोपं जातं, म्हणून आमच्यात एकाने पासपोर्ट बदलायचं ठरलं. साताऱ्याकडची जमीन त्याच्या नावावर, त्याचे आईवडील तिकडे, तेव्हा त्याने भारताचा ठेवायचा आणि मी सोडायचा. आमच्या ओळखीच्या निम्म्या मराठी घरांत अशीच वाटणी आहे. मला सोडताना जड जायला माझ्या नावावर होतं तरी काय, हडपसरची आपली भाड्याची खोली? तो पीआर राहिला, म्हणजे कायमचा रहिवासी, पण मत नाही. मुलगा एकोणीस वर्षांचा, सैन्यातली सक्तीची दोन वर्षं करतोय. इथे मताचं वय एकवीस. बंदूक हातात दिलीय, मत नाही. म्हणजे तीन माणसांच्या घरात मत एकच, माझं.

आणि एकच असलं की ते सगळ्यांचं होतं, हे मला या महिन्यात कळलं. उमेदवार जाहीर झाले त्या रात्री जेवताना याने, तुझ्या जावयाने, विचारलं, "मग, आपलं मत कुणाला?" भाजी कुठली करायची हे विचारावं तसं. मी म्हटलं, "आपलं कुठलं? माझं आहे." तो हसला. "अगं, घराचंच ना शेवटी." शनिवारी मुलगा छावणीतून घरी आला, बुटांसकट सोफ्यावर बसला आणि त्याने इथल्या लाह-लाह इंग्रजीत दुसरं टोक पकडलं. "आई, यू हॅव टू व्होट फॉर हिम लाह. आय कान्ट, सो यू डू फॉर मी." याचं मत यांना, त्याचं मत त्यांना, आणि दोन्ही टाकायला मी जायचं, रांगेत उभी राहायला.

मुलाचा जो उमेदवार, ते एक निवृत्त गृहस्थ. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेले, आवाज बारीक, भाषण करताना चष्मा सारखा वरखाली करणारे. तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्यांखेरीज ते दुसरं काही बोलतच नव्हते. या शहरात कुणाच्या खोलीचा एसी दिवसभर चालू असतो आणि कुणी सत्तरीत हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाऊगल्लीत, लोकांच्या उष्ट्या थाळ्या उचलतं, हे आपण रोज बघतो आणि रोज जेवतो, असं म्हणायचे. एकदा आमच्याच हॉकर सेंटरमध्ये आले होते. टेबलं पुसणाऱ्या आजींशी हात मिळवायला गेले तर आजींनी आधी हात अ‍ॅप्रनला पुसला. कुणीतरी त्याचा फोटो काढला. मी नूडल्स खात होते. मला त्या गृहस्थांचाही रागच आला, खोटं कशाला बोलू. इथल्या राष्ट्रपतीच्या हातात पगार ठरवणं नाही. शिलकीच्या तिजोरीची एक किल्ली आहे, मोठ्या नेमणुकांना हो-नाही म्हणणं आहे, बाकी समारंभ. हिशेबाचं काम करणाऱ्या बाईला एवढं कळतं. मग जे देता येणार नाही ते लोकांसमोर मांडायचं कशाला?

यालाही त्यांचा रागच, फक्त मोठ्या आवाजात. "असली माणसं आधी तिजोरी उघडतात. मग टॅक्स वाढतो. मग कंपन्या जातात. मग आपण कुठे?" आमच्या मराठी मित्रमंडळींत गणपतीच्या तयारीला जमलो होतो, तिथेही तोच सूर. सगळे पुण्या-मुंबईहून कष्टाने आलेले, सगळ्यांना वाटतं की कष्ट फक्त आपणच केले. एकजण साबुदाणा वडा खात म्हणाला, "इथे गरीब कोण आहे, दाखव." त्याच्या बायकोने माझ्या प्लेटमध्ये आणखी एक वडा ठेवला.

तेव्हा तू आठवलीस. सारखी आठवत होतीस या महिन्यात, म्हणून तर हे लिहायला बसले. अंगणवाडीची ती पत्र्याची खोली. तू खिचडीचं पातेलं उतरवतेयस, मुलं ताटल्या वाजवतायत, आणि मी शाळेतून येऊन कोपऱ्यात दप्तर टाकते. "हात धू आणि मागे बस, आधी ही." मी नेहमी मागे. सगळी वस्ती तुला बाई म्हणायची, साहेब लोक ताई म्हणायचे, आणि सरकार तुला पगार देत नव्हतं, मानधन देत होतं. मान कुठे दिसला नाही, धनही नाही. तुमचा मोर्चा निघाला तेव्हा मला ठेवायला कुणी नव्हतं म्हणून तू मला घेऊन गेलीस. जिल्हा परिषदेसमोर डांबरावर तुम्ही सगळ्या बसलेल्या. गुलाबी साड्या, डोक्यावर पदर, मधेच कुणीतरी चटणी-भाकरीचा डबा उघडते. एक साहेब खाली येतात. छान बोलतात. "ताई, तुमचं काम म्हणजे सेवा आहे, सेवेचं मोल पैशात होतं का?" पुढच्या दोघीतिघी माना डोलवतात. तू बसल्या जागेवरूनच म्हणतेस, "साहेब, तुमचं होतं तसं आमचंही होईल की." साहेब परत वर गेले. तुमचं काही वाढलं नाही त्या वर्षी. घरी येताना तू मला उसाचा रस पाजलास, स्वतः नाही घेतलास.

आणि आणखी एक दिवस, कितीतरी वर्षांनंतरचा. मला पहिली नोकरी लागून महिना झालाय. मी घरी येऊन ऐटीत सांगतेय की आमच्या ऑफिसात झाडू मारणारी बाई सारखी दांड्या मारते, तिचा पगार कापला पाहिजे. तू कणीक मळत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "एवढ्यात कापायला शिकलीस? आधी ती का येत नाही ते विचारायला शिक." मी फणकाऱ्याने जेवायला बसले नाही. तूही बोलावलं नाहीस. सकाळी डबा मात्र भरलेला होता.

इथे मतदानाच्या आदल्या दिवशी प्रचार बंद असतो. कूलिंग-ऑफ डे म्हणतात, लोकांनी शांत डोक्याने विचार करावा म्हणून. आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी सभा झाली. तो म्हणाला, "तुझ्या पोराला फ्लॅट कोण देणार, तुझे चष्मेवाले?" मुलाने छावणीतून मेसेज पाठवला, आजी असती तर तिने कुणाला मत दिलं असतं, एवढाच. तुझा एक फोटो सोडला तर त्याने तुला पाहिलेलंही नाही. मी पोळी तव्यावर जाळली. शेवटी ओरडले, आई. म्हटलं, मत माझं आहे, मी नागरिक झाले, मी पासपोर्ट परत केला, भारताच्या हायकमिशनमध्ये त्यांनी त्यावर शिक्का मारला तेव्हा तुमच्यातलं कुणी तिथे नव्हतं. आता मी कुणाचं ऐकणार नाही आणि कुणाला सांगणारही नाही. जळलेली पोळी त्यानेच खाल्ली.

सकाळी शाळेच्या हॉलमध्ये गेले. ओळखपत्र दाखवलं, कागद घेतला, आणि सवयीने डाव्या हाताचं बोट पुढे केलं. टेबलामागची बाई माझ्या बोटाकडे बघत राहिली. "आँटी, फिंगर पेनफुल इज इट?" इथे शाई लावत नाहीत. मी बोट मागे घेतलं आणि हसले, पण एकदम इतकं रडू आलं की पडद्यामागे जाऊन थोडा वेळ तशीच उभी राहिले. कागदावर फोटो होते. चष्मेवाल्यांचा फोटो वाईट आला होता.

ते हरले. निकाल लागला तेव्हा याने टीव्हीचा आवाज कमी केला आणि चांगुलपणाने म्हणाला, "जाऊ दे, तुझं मत वाया गेलं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस." तो धरूनच चाललाय की मी त्यांना दिलं. एवढं भांडल्यावर दुसरं काय धरणार? काल मुलाचा फोन आला. "नेव्हर माइंड, आई. अ‍ॅटलीस्ट यू ट्राइड. आय अ‍ॅम प्राउड ऑफ यू, सिरियसली." मी म्हटलं, "हो रे बाळा. जेवलास का?"

हे मुलाला सांगता येणार नाही, याला तर नाहीच. तुला सांगते, कारण तुला हे पोचणार नाही. मी फुली चष्मेवाल्यांच्या नावासमोर मारली नाही. त्या आजी आठवल्या, डांबरावर बसलेली तू आठवलीस, सगळं आठवलं, आणि मग हा फ्लॅट आठवला. याने सांगितलं होतं म्हणून नाही, आई. पडद्यामागे मी एकटीच होते.