ह्यांची आणि ह्यांच्या गाण्यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, धंदा पडदे व गाद्यांच्या खोळी शिवणे, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, ते डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. मी थकले आहे, पण थकणे म्हणजे भ्रमिष्ट होणे नव्हे, हे वकीलबाईंनाही मान्य आहे. याआधी मी मृत्युपत्र केले नाही, कारण आमचे हे माझ्या आधी जातील अशी सगळ्यांची समजूत होती. माझीही.

वकीलबाईंना मी पहिल्यांदा म्हणाले, "मला माझा नवरा कोणाच्या तरी नावावर करायचाय."

त्यांनी चष्मा काढला. "माणूस मृत्युपत्रात देता येत नाही. वस्तू सांगा."

म्हणून वस्तू सांगते. त्यांना जे चिकटून येते तेही सांगते.

कलम पहिले. राहते घर, दोन खोल्या व मशीनची गॅलरी, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझ्या मुलीला द्यावे. मात्र हे हयात असेपर्यंत मागची खोली ह्यांची, आणि तिथल्या भिंतीवरच्या गाण्यांच्या तबकड्यांच्या फळ्यांना कोणी हात लावायचा नाही.

याचे कारण लिहिणे भाग आहे. हे एका हॉटेलात गात असत. चौघांचा बँड होता, परदेशी रॉक आणि पॉप गाणी. लोक जेवता जेवता एक इंग्रजी अक्षर सांगत आणि मग ज्यांचे नाव त्या अक्षरापासून सुरू होते तीच गाणी एकामागून एक, लोक कंटाळेपर्यंत. क्यू सांगणारा एखादा शहाणा रोज निघायचा. ह्यांच्याकडे क्यूचे गाणेसुद्धा होते. मला त्या गाण्यांचे कधी कौतुक वाटले नाही. माझ्या कानाला तो सगळा कल्लाच होता.

एके दिवशी दाढी करताना हे खाली बसले ते उजवा हात आणि बोलणे गमावूनच उठले. एकच शब्द उरला, "बरं". भूक लागली तरी बरं, दुखले तरी बरं, संतापले तरी बरं. बरंच्या सुरावरून मी ओळखायचे, आणि निम्म्या वेळा चुकायचे.

पुढे एकदा फळी पुसताना मी तबकड्यांवरची नावे मोठ्याने वाचत होते. माझे इंग्रजी म्हणजे दगडाधोंड्यांतून वाट काढत चालणे. योगायोगाने एमपासूनची दोन-तीन नावे ओळीने आली. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या ह्यांनी पुढचे नाव स्वतःच सांगितले, आणि मग ते अख्खे गाणे म्हटले, शब्दनशब्द. मी फडके हातात घेऊन तशीच जमिनीवर बसले.

डॉक्टर म्हणाले, "गाणी मेंदूत वेगळ्या जागी असतात."

"म्हणजे चोर एका खोलीत शिरला, दुसरीला कुलूप होतं," मी म्हणाले.

"असंच काहीसं."

त्यानंतर मी सगळ्या छोट्या, एकेका गाण्याच्या तबकड्या गाण्याच्या पहिल्या अक्षरानुसार लावल्या. ह्यांनी त्या गायकांप्रमाणे लावल्या होत्या. रागावून बरं-बरं केले, पण महिन्याभरात बोटाने अक्षर दाखवू लागले. काही विचारायचे असले की डब्ल्यू. त्या अक्षरात प्रश्नच फार. नको असले की डी, तिथे बरीच गाणी 'नको'पासून सुरू होतात. आणि वायमध्ये जवळजवळ प्रत्येक गाणे 'तू'पासून सुरू होते. लग्नाला इतकी वर्षे झाली, ह्यांच्या तोंडून मला उद्देशून गोड शब्द कधी निघाला नव्हता. वायची गाणी हे मशीन चालू असतानाच म्हणतात. मी मशीन थांबवत नाही. थांबवले की गप्प होतात.

कलम दुसरे. ह्यांना आपल्या घरी नेले नाही म्हणून मुलीला कोणी बोल लावू नये. ती आपणहून म्हणाली होती, "आई, बाबांना मी नेते. पण एवढ्या तबकड्या ठेवू कुठे? सगळी गाणी फोनवर असतात."

"त्यांना फोन देऊन बघ," मी म्हणाले.

ह्यांनी फोन उलटसुलट पाहिला, बरं म्हणाले आणि हॉटेलातले बिल परत करावे तसा परत केला. पोर स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली आहे. एका बाईने किती जणांना उचलायचे? मोठी कात्री मुलीलाच द्यावी. लहानपणी तिला हात लावू दिला नव्हता.

कलम तिसरे. बँडमध्ये ड्रम वाजवणारा, ज्याला सगळे ठोक्या म्हणतात, त्याला माझ्यामागे पुढच्या खोलीत राहण्याचा हक्क देते, ह्यांच्या हयातीपर्यंत.

हे पडले तेव्हा ह्यांचा माइक गार व्हायच्या आत ठोक्याने दुसरा गायक उभा केला होता, आणि भेटायला एकदाही आला नाही. ते मी गाठीला बांधून ठेवले होते. डॉक्टरांनी माझे हृदय तपासल्यावर मीच त्याला शोधत गेले. आता तो त्याच हॉटेलच्या फाटकावर गाड्या लावून घेतो.

"वहिनी, मला त्याला तसं बघवलं नसतं," तो म्हणाला.

"मला बघवत होतं का? कोणाला तरी बघावं लागतं."

दुसऱ्या दिवशी आला, खुर्चीच्या काठावर टेकला. ह्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. मग एस दाखवले आणि एक गाणे सुरू केले, ज्याच्या नावाचा अर्थ 'थांब' असा आहे, एवढे मलाही आता कळते. ठोक्याने बिस्किटांचा डबा ओढून ठेका धरला. गाणे संपले तेव्हा तो डब्यावर डोके ठेवून बसला होता. संध्याकाळपर्यंत हलला नाही.

जाताना म्हणाला, "मला आंघोळ-बिंघोळ घालणं जमणार नाही हां."

"त्याला बाई येते. तुला अक्षरं येतात, तेवढं पुरे."

मुलीने विचारले, "आई, घरात परका माणूस?"

"परका नाही. नालायक आहे. त्यात फरक असतो."

त्याला माफ केलेले नाही, हे येथे नमूद करते. कामावर ठेवले आहे.

कलम चौथे. धाकट्या दिरांना ह्यांचे गाण्याचे जाकीट द्यावे. त्यांनी ते एकदा मागून नेले आणि सिगारेटचे भोक पाडून परत दिले. ते मीच रफू केले आहे, शोधून दाखवावे. त्यांनी यायला हरकत नाही, पण ह्यांच्या देखत "त्याला काही कळत नाही" असे म्हणू नये. तसे म्हणाले तर चहासुद्धा देऊ नये. ह्यांची गिटार विकण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढू नये. डाव्या हाताने का होईना, हे तिच्यावरून बोटे फिरवतात.

कलम पाचवे. शिवणयंत्र ह्यांना आंघोळ घालणाऱ्या बाईंना द्यावे. उधारीवर शिवू नये, एवढे सांगते.

कलम शेवटचे. मी जाईन त्या दिवशी घरात गाणे लावू नये, असे कोणीतरी शहाणे म्हणेलच. लावावे. आधी ह्यांना फळीजवळ बसवावे आणि घाई न करता अक्षर दाखवू द्यावे. काय झाले ते ह्यांना ठाऊक असेल, पण रडायचे कसे हे ह्यांना दुसऱ्या कोणत्याही रीतीने येत नाही. आलेल्यांना ते गाणे फार उडते वाटले तर त्यांनी गॅलरीत जाऊन उभे राहावे.

वरील मजकूर वकीलबाईंनी मला वाचून दाखवला. तो माझाच आहे.

सही: (स्वतःच्या हाताने)

साक्षीदार: वकीलबाई; आणि खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, ज्यांनी इतकी वर्षे छतातून सगळे ऐकून एकदाही तक्रार केली नाही. मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी आमच्या समक्ष व आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या.

ठिकाण: राहते घर, मशीनचे टेबल. तारीख शिक्क्याप्रमाणे.